किती दिवस पाजायचं? इनामगावच्या कुंभांपासून हिरकणी कक्षापर्यंत

पुण्याच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. आज इथे गेलात तर आजूबाजूला ऊस दिसेल, उसाच्या गाड्या दिसतील. पण पुरातत्त्वाच्या पुस्तकांत या गावाचं नाव आहे ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीसाठी. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. शंभरावर घरं सापडली, धान्याचं कोठार सापडलं, पाण्यासाठी खणलेला पाट सापडला. महाराष्ट्रातले आद्य शेतकरी कसे राहत होते, काय खात होते, याबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं या एका गावाने सांगितलं आहे.

आणि घरांच्या जमिनीखाली सापडली लहान मुलं.

मातीचे दोन कुंभ आडवे ठेवायचे, तोंडाला तोंड लावून. आत बाळ. शेजारी एखाददुसरं भांडं. हे सगळं घराच्या जमिनीत किंवा अंगणात खड्डा करून पुरायचं आणि वर पुन्हा जमीन सारवून रोजचं जगणं सुरू करायचं. इनामगावात दोनशेहून जास्त दफनं मिळाली, त्यांत मुलांची संख्या फार मोठी. मोठ्या माणसांना बहुधा सरळ उताणं पुरलेलं आणि त्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली. मेलेला माणूस भूत होऊन चालत जाऊ नये म्हणून असं करत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. बाळांची पावलं मात्र शाबूत. ज्याला अजून चालताच येत नाही ते कुठे जाणार?

या कुंभांपुढे उभं राहिलं की एक अगदी साधा प्रश्न मनात येतो. ही बाळं काय पीत होती? आईच्या अंगावर किती दिवस होती? हा प्रश्न तुम्हाला जुना वाटेल, पण तो तुमच्या फोनमध्येही आहे. बाळ दीड वर्षाचं झालं की नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, ‘अजून पाजतेस?’ आणि सहा महिन्यांत डबा सुरू केला की दुसरं कुणीतरी विचारतं, ‘इतक्यात तोडलंस?’ या दोन प्रश्नांच्या मधे जागतिक आरोग्य संघटनेचा एक आकडा उभा आहे: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, नंतर वरचं अन्न सुरू करून दोन वर्षं किंवा त्यापुढेही स्तनपान. हा आकडा आला कुठून, त्यावर एवढा वाद का होतो आणि त्याचा ओझ्यासारखा उपयोग कोणावर होतो, हे इनामगावपासून बघत आलं तर जरा वेगळं दिसतं.

दातांवरची डायरी

दूध मागे काहीच ठेवत नाही. हाडं आणि दात मात्र ठेवतात.

बाळाचे दुधाचे दात आईच्या पोटातच घडायला लागतात आणि जन्मानंतर काही महिने घडत राहतात. दाताचं आवरण थराथराने चढतं. त्या काळात बाळ आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं तर थर नीट चढत नाही आणि तिथे रेघ किंवा खळगा राहतो. हाड आयुष्यभर स्वतःला बदलत असतं, दाताचं आवरण एकदा झालं की बदलत नाही. म्हणून दात ही एक प्रकारची डायरी आहे, जी कुणाला खाडाखोड करून सुधारता येत नाही. जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या सांगाड्यांचा तपशीलवार अभ्यास केला. दुधाच्या सुळ्यांवरचे हे खळगे मोजून हवामान आणि उपजीविका बदलली तेव्हा मुलांवर काय बेतलं, हे त्यांनी शोधायचा प्रयत्न केला.

जगात इतरत्र आणखी एक पद्धत वापरतात. अंगावर पिणारं बाळ एका अर्थाने आईलाच खात असतं, कारण दूध आईच्या शरीरातून बनतं. त्यामुळे त्याच्या शरीरातल्या जड नायट्रोजनचं प्रमाण आईपेक्षा हजारात दोन-तीन भागांनी वाढतं. दूध सुटलं की ते हळूहळू खाली येतं. वेगवेगळ्या वयाच्या मुलांची हाडं तपासली की त्या समाजात दूध साधारण कधी सुटत होतं याचा अंदाज बांधता येतो. २०१९ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियातल्या मुलांच्या थडग्यांमधली चोचीची छोटी मातीची भांडी तपासली गेली, तेव्हा त्यांत गाई-शेळ्यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचे अंश मिळाले. म्हणजे वरचं दूध पाजायची बाटली काही कंपन्यांनी शोधलेली नाही. ती तीन हजार वर्षांपूर्वीही होती.

इनामगावच्या जोर्वे संस्कृतीच्या भांड्यांनाही तोटी असते. पण तोटी दिसली की लगेच बाळाची बाटली म्हणायची घाई करू नये. ही पाण्याची, पेयाची नेहमीची भांडी आहेत. इथे सातू होता, गहू होता, मसूर, कुळीथ होते, गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्या होत्या. म्हणजे बाळाला भरवायला सातूची पेज करता येईल असं घर होतं. इथेच एक मोठी गोष्ट दडलेली आहे.

पेज आली, घर भरलं

आई वारंवार पाजत असेल तर तिची पाळी परत यायला वेळ लागतो. आजचं वैद्यकशास्त्रही हे मानतं. १९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ इथे जमलेल्या तज्ज्ञांनी असं नोंदवलं की पाळी परत आलेली नसेल आणि बाळ पूर्णपणे किंवा जवळपास पूर्णपणे अंगावर असेल, तर पहिल्या सहा महिन्यांत दिवस न जाण्याची खात्री ९८ टक्के असते. कलाहारी वाळवंटातल्या शिकार करून, कंदमुळं गोळा करून राहणाऱ्या कुंग लोकांत आया दिवसभर वारंवार बाळाला पाजत आणि दोन मुलांत चारेक वर्षांचं अंतर पडे. शेती आली, मऊ पेज आली, बाळाला आजीजवळ ठेवून शेतात जाता यायला लागलं, तसं हे अंतर कमी झालं आणि घरं मुलांनी भरली, असं मानववंशशास्त्रात मांडलं जातं.

त्यामुळे मुलांची इतकी दफनं सापडली म्हणून ‘बिचारी, किती मुलं मरत होती’ एवढंच म्हणून थांबता येत नाही. जिथे जन्म जास्त, तिथे लहान वयातले मृत्यूही संख्येने जास्त दिसतात. अमेरिकन संशोधक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद इथल्या मुलांच्या सांगाड्यांवर २०११ मध्ये एक पुस्तकच लिहिलं. इनामगावच्या शेवटच्या काळात, म्हणजे इसवीसनपूर्व १००० ते ७०० च्या सुमारास, मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. ‘पाऊस आटला म्हणून गाव खचलं’ हे जुनं उत्तर आहे. शुग यांना एवढं उत्तर पुरेसं वाटलं नाही. लोक जमीन कशी कसत होते, मुलं किती होत होती आणि ती कशी वाढत होती, हे एकत्र बघावं लागेल असा त्यांचा आग्रह आहे.

मला यातून कळलं ते इतकंच: कधी पाजायचं आणि कधी थांबायचं, हा प्रश्न आई आणि बाळ या दोघांपुरता कधीच नव्हता. त्यात पेरणी होती, कोठार होतं, घरात दुसरं कोण आहे हे होतं आणि पुढचं मूल होतं.

उष्टावण, कोरफड आणि खरवस

लिखित नियम यायला नंतर बराच काळ गेला. मनुस्मृतीत सहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितलं आहे. काश्यपसंहितेत आधी फळं आणि धान्य त्यानंतर काही महिन्यांनी. वाग्भट दात आल्यावर बाळाला हळूहळू दुधापासून दूर न्यायला सांगतो. म्हणजे ग्रंथांमध्येही एकमत नव्हतं. ‘आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं’ असा मेसेज तुम्हाला आला तर कोणत्या पूर्वजांना, हे विचारायला हरकत नाही.

घरात चालली ती उष्टावण. मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटीतली खीर चाटणारं बाळ आपल्या सगळ्यांच्या अल्बममध्ये असतं. दूध तोडायची वेळ आली की आई स्तनाला कोरफडीचा गर किंवा कडुनिंबाचा पाला वाटून लावायची. बाळ तोंड वाकडं करायचं, रडायचं आणि दोन-चार दिवसांत विसरायचं. हे कधी करायचं, ते आईला पुन्हा दिवस गेले आहेत का, यावर बरेचदा ठरायचं.

आणि याच घरांत पहिल्या दोन-तीन दिवसांचं घट्ट पिवळसर चीकदूध ‘जड’ म्हणून पिळून टाकून द्यायची पद्धत होती. बाळाला त्याऐवजी मध किंवा गूळपाणी चाटवायचे. गंमत बघा, गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण वेलची घालून, शेजाऱ्यांना वाटून खातो. वासराच्या वाट्याचा चीक आपल्याला अमृत वाटतो आणि स्वतःच्या बाळाच्या वाट्याचा टाकाऊ. परंपरेत शहाणपण असतं आणि चुकाही असतात, हे एवढ्या एका उदाहरणावरून पटावं.

डबा आला

१८६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी बाळांसाठी दूध-पिठाची पूड बाजारात आणली. पुढच्या शंभर वर्षांत डब्यावरचं गुबगुबीत बाळ जगभर पोचलं. भारतात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळाचं अन्न बनवायचं तंत्र विकसित केलं आणि ‘अमूल’ने ते बाजारात आणलं. परदेशी डब्यांवरचं अवलंबन कमी झालं, ही देशाच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट होती. पण डबा मध्यमवर्गाच्या प्रगतीची खूणही झाला. अंगावर पाजणं गावंढळ, बाटली शहरी.

डब्यात गडबड अशी की तो एकटा येत नाही. त्याला उकळलेलं पाणी लागतं, धुतलेली बाटली लागते, पुरेशी पूड लागते. जिथे पाणी गढूळ आणि पैसे कमी, तिथे पूड पातळ करून आठवडा काढला जातो आणि बाळ जुलाबाने खंगतं. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात ‘दूध आणि खून’ अशा अर्थाच्या शीर्षकाचं भाषण करून हे जाहीरपणे सांगितलं होतं. १९७४ मध्ये ब्रिटनमधल्या ‘वॉर ऑन वाँट’ संस्थेची ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका आली, १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली आणि मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने बाळांच्या पावडरीच्या जाहिरातबाजीवर आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. बाजूने ११८ देश, विरोधात फक्त एक, अमेरिका.

यात महाराष्ट्राचं काम लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्यात स्तनपानाच्या प्रसारासाठी ‘बीपीएनआय’ हे देशव्यापी जाळं उभं राहिलं. मुंबईच्या ‘अकॅश’ या ग्राहक संस्थेने या प्रश्नावर कंपन्यांना कोर्टात खेचलं. १९९२ मध्ये संसदेने बाळांच्या दूधपर्यायांवर, बाटल्यांवर आणि बालअन्नावर नियंत्रण आणणारा कायदा केला. २००३ च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला: दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा उत्पादनांची जाहिरातच बंद. आज टीव्हीवर तुम्हाला नवजात बाळाच्या पावडरीची जाहिरात दिसत नाही, ती यामुळे.

‘किंवा त्यापुढेही’

‘दोन वर्षं किंवा त्यापुढेही’ हे शब्द १ ऑगस्ट १९९० च्या इनोसेंटी जाहीरनाम्यात ठळकपणे आले. तेव्हा फक्त दूध चार ते सहा महिने, असं म्हटलं होतं. २००१ मध्ये तो आकडा सहा महिन्यांवर स्थिर झाला. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना बराच काळ ‘एक वर्ष किंवा जास्त’ म्हणत होती. जून २०२२ मध्ये तीही दोन वर्षांपर्यंत पाजणाऱ्या आयांना पाठिंबा द्यावा या भूमिकेवर आली आणि तिकडे मोठा वाद उठला. अनेक आयांनी विचारलं, ज्या देशात केंद्रीय कायद्याने पगारी बाळंतपणाची रजा एक दिवसही मिळत नाही, तिथे दोन वर्षं कोणाच्या जिवावर? त्याआधी २०१२ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने तीन वर्षांच्या मुलाला उभ्याने पाजणाऱ्या आईचा फोटो मुखपृष्ठावर छापला होता, तेव्हाही असंच रान उठलं होतं.

आपल्याकडे वाद दुसऱ्या जागी पेटतो. २०१८ मध्ये मल्याळम ‘गृहलक्ष्मी’ नियतकालिकाने स्तनपान करणाऱ्या मॉडेलचं मुखपृष्ठ छापलं तेव्हा अश्लीलतेची तक्रार केरळ उच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाला त्यात अश्लील काही दिसलं नाही. आपण बाळाने किती दिवस प्यावं यापेक्षा ते कुठे प्यावं यावर जास्त भांडतो.

पण भारतातला खरा पेच या दोन्ही वादांत येत नाही. आपल्याकडे दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास बहुतेक बाळं अंगावर पीतच असतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सहा महिन्यांखालच्या ६३.७ टक्के बाळांना फक्त आईचं दूध मिळत होतं. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ५४.९ होतं. म्हणजे सुधारणा आहे. पण त्याच पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं किती? ११.३ टक्के. शंभरात अकरा.

हा आकडा पुन्हा वाचा. सल्ल्याचं एक टोक, दोन वर्षं पाजा, हे आपल्या आया कुणी न सांगता पाळत आल्या आहेत. दुसरं टोक, सोबत पुरेसं आणि वेगवेगळं अन्न द्या, हे एकट्या आईच्या अंगातून येत नाही. त्यासाठी अंडं लागतं, डाळ लागते, दिवसातून तीन-चार वेळा भरवायला मोकळा हात लागतो. सहा महिन्यांनंतर दूध महत्त्वाचं असतं, पण ते पुरत नाही. आणि जाहीर चर्चेत आपण दुधाबद्दलच बोलत राहतो, कारण दूध फुकट आहे असं सगळ्यांना वाटतं.

हिरकणीचा हिशेब

फुकट आहे का? हिशेब करून बघू.

सल्ला २४ महिन्यांचा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवडे, म्हणजे सहा महिने, तीही पहिल्या दोन मुलांसाठी. कामावर परतल्यावर बाळाला पाजायला दिवसातून दोन सुट्ट्या, त्या बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत. पाळणाघराची सक्ती ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथेच. म्हणजे संघटित क्षेत्रातल्या नोकरदार आईसाठीसुद्धा सल्ला आणि कायदा यांच्यात नऊ महिन्यांची दरी आहे. आणि असंघटित कामातल्या बाईसाठी? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६००० रुपये कबूल केले. २०१७ च्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० ठरले. सहा महिन्यांवर पसरले तर दिवसाला २८ रुपयेही होत नाहीत.

इनामगावच्या परिसरात हा हिशेब डोळ्यांना दिसतो. दिवाळीच्या आगेमागे शिरूर-दौंडच्या साखर कारखान्यांवर ऊसतोड कामगार येतात, त्यांत मराठवाड्यातून आलेली कुटुंबंही असतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. पहाटे अंधारात फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. अंगावरचं बाळ फडाच्या कडेला झोळीत, नाहीतर गाडीच्या सावलीत. ही आई बाळाला दोन वर्षं पाजतेच, कारण तिच्याजवळ द्यायला बऱ्याचदा तेवढंच असतं. तिचं नाव गावाकडच्या अंगणवाडीत आणि ती पाचटाच्या कोपीत. सल्ला तिने पाळला, असं एखाद्या पाहणीत नोंदलंही जाईल. तिच्या बाळाच्या दाताची डायरी मात्र काय सांगेल, याची धास्ती वाटते.

महाराष्ट्राने अशा आईला एक गोष्ट दिली आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेली हिरकणी गवळण. तिच्या नावाने एसटी स्थानकांत आणि सरकारी कार्यालयांत हिरकणी कक्ष आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्ष उभा राहिला, कौतुक झालं. २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात तिथला हिरकणी कक्ष धुळीने माखलेला आहे, अशी तक्रार त्यांनाच करावी लागली.

हिरकणीची दंतकथा आपण नेहमी आईच्या धाडसाची म्हणून सांगतो. ती जरा उलटून वाचली तर? दरवाजा उघडला असता तर तिला कडा उतरावा लागला नसता. बाई उतरली हे कळल्यावर महाराजांनी तिथे बुरूज बांधला, असं कथा सांगते. म्हणजे पुढच्या हिरकणीची ती वाटही बंद झाली. दोन वर्षांच्या सल्ल्याचं असंच होऊ शकतं. आईचं कौतुक करायचं, तिच्या नावाचा बुरूज बांधायचा आणि दरवाजा मात्र ठरल्या वेळी बंद.

सल्ला चूक आहे असं मी म्हणत नाही. दूषित पाणी आणि महागडे डबे यांच्या देशात त्याने असंख्य बाळं वाचवली असणार. पण तो आईला उद्देशून लिहिला जातो, तिथे गफलत होते. तो वाचायला हवा मालकाने, मुकादमाने, कारखान्याने, सासरच्यांनी आणि सरकारने: या बाईला दोन वर्षं पाजता यावं आणि तिच्या बाळाला सोबत पोटभर खाता यावं, यासाठी तुम्ही काय करणार आहात? आणि जिला पाजता आलं नाही किंवा पाजायचं नाही, तिला ग्रुपवर कुणी जाब विचारू नये.

साडेतीन हजार वर्षांपूर्वी घोडेच्या काठी कुणीतरी आपलं बाळ दोन कुंभांमध्ये ठेवून स्वतःच्याच घराच्या जमिनीखाली पुरलं. गावाबाहेर नेऊन टाकलं नाही, घरातच ठेवलं. त्या आईने किती महिने पाजलं, हे त्या कुंभाकडे बघून सांगता येत नाही. पण ती रोज त्याच जमिनीवर चूल पेटवत होती, पेज शिजवत होती आणि बहुधा पुढच्या बाळाला मांडीवर घेऊन तिथेच बसत होती. तिला कुणी ‘अजून पाजतेस?’ असं विचारलं असेल का? विचारलं असेलच. आपण निदान तो प्रश्न बदलू शकतो. ‘तू जेवलीस का?’ इथून सुरुवात करता येईल.